खंडा, कडे आणि निशाण : श्रीगुरू गोविंदसिंहांचे पुण्यस्मरण

नवरात्राच्या नवव्या दिवसाला आमच्या महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी घरातील शस्त्रे आणि कामाची हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडली जातात. त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात. ज्यांच्या घरी तलवार उरलेली नाही, ते विळी, कोयता, नांगराचा फाळ, सुताराचा रंधा किंवा शिंप्याची कात्री पुजतात. दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघन करावयाचे आणि आपट्याची पाने एकमेकांस द्यावयाची. हा कुलाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु ज्या खंड्यावरून या नवमीस नाव मिळाले, तो खंडा आपण कोणत्या भावनेने पुजतो, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

याच खंड्याला आपल्या पंथाच्या उगमस्थानी मानाने बसविणारे आणि त्याच वेळी त्याला व्रताच्या बंधनात जखडणारे एक महापुरुष आपल्या गोदावरीच्या तीरी, नांदेड क्षेत्री, विसावले आहेत. शिखांचे दहावे गुरू श्रीगुरू गोविंदसिंह यांचे जीवन पाटण्यास उदयास आले, पंजाबात तळपले आणि महाराष्ट्रात पूर्णत्वास गेले. दसऱ्याच्या दिवशी नांदेडच्या श्री हुजूरसाहेब सचखंड गुरुद्वारातून हल्लाबोल मिरवणूक निघते. निशाणसाहेब, गुरूंच्या नावाने सांभाळलेले घोडे, कीर्तनी जथे आणि निळ्या पोशाखातील निहंग असा तो सोहळा असतो. पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते रंग आणि शस्त्रे. मात्र त्या रंगांचा आणि शस्त्रांचा अर्थ गुरूंच्या चरित्रावाचून उमगत नाही. किंबहुना त्यांचे चरित्र हेच त्या चिन्हांवरचे भाष्य होय. विजयादशमीच्या या मंगल पर्वावर ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन तलवारींचा वारसा

गुरू नानकदेवांनी घालून दिलेला मार्ग नामस्मरणाचा, कष्टाच्या भाकरीचा आणि ती वाटून खाण्याचा होता. त्या मार्गावर शस्त्राचे प्रयोजन उत्पन्न झाले ते १६०६ साली. पाचवे गुरू अर्जुनदेव यांना जहांगीर बादशहाच्या काळी लाहोर येथे हालहाल करून मारण्यात आले. त्यांचे पुत्र गुरू हरगोविंद गादीवर बसले, तेव्हा त्यांनी कमरेस एक सोडून दोन तलवारी बांधल्या. एक मीरीची, म्हणजे लौकिक सत्तेची. दुसरी पीरीची, म्हणजे पारमार्थिक अधिकाराची. अमृतसरच्या अकाल तख्तासमोर आजही या दोहोंची दोन निशाणे जोडीने उभी आहेत आणि त्यांत पीरीचे निशाण मीरीच्या निशाणाहून किंचित उंच आहे. तलवार हाती आली, तरी धर्माने तिच्या वरच राहावयाचे, हा संकेत त्या थोड्याशा उंचीत साठविलेला आहे.

या गुरू हरगोविंदांचे पुत्र गुरू तेगबहादुर आणि तेगबहादुरांचे एकुलते एक पुत्र गोविंदराय. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटणा नगरीत माता गुजरी यांच्या पोटी झाला. वडील त्या वेळी पूर्व भारताच्या यात्रेवर होते. बालपणीची काही वर्षे गंगेच्या काठी गेल्यावर त्यांना शिवालिकच्या पायथ्याशी वडिलांनी वसविलेल्या गावी आणण्यात आले. हेच पुढे आनंदपूर म्हणून विख्यात झाले. तेथे संस्कृत, फारसी, व्रजभाषा आणि गुरुमुखी या विद्यांबरोबर अश्वारोहण व धनुर्विद्या यांचेही शिक्षण सुरू झाले.

लपविता न येणारे रूप

१६७५ साली मटनचे पंडित कृपाराम यांच्या नेतृत्वाखाली काश्मिरी पंडितांचे एक मंडळ आनंदपुरी आले. बळजबरीच्या धर्मांतराचे संकट त्यांच्या दाराशी येऊन ठेपले होते. परंपरा सांगते, की एखाद्या थोर पुरुषाने आत्मबलिदान केल्याखेरीज हे संकट टळणार नाही, असे गुरू तेगबहादुर बोलले, तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या गोविंदरायांनी पित्याहून थोर पुरुष दुसरा कोण, असे त्यांनाच विचारले. गुरू तेगबहादुर दिल्लीस गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यापूर्वी भाई मतीदास, सतीदास आणि दयालदास यांनाही त्यांच्या डोळ्यांदेखत मृत्यू देण्यात आला. स्वतः ज्या पंथाचे ते गुरू नव्हते, त्या पंथाच्या लोकांच्या टिळ्याजानव्यासाठी त्यांनी प्राण दिले, ही गोष्ट प्रत्येक हिंदू घराने देवघरातील समईसारखी जपावयास हवी.

त्यानंतर जे घडले, ते बालगुरूंच्या अंतःकरणास कायमचे चटका लावून गेले. भर चौकात पडलेला देह उचलण्यास उघडपणे कोणी पुढे आले नाही. अखेर भाई जैता नावाच्या, समाजाने अस्पृश्य लेखलेल्या रंगरेटा जातीच्या शिष्याने मस्तक लपवून आनंदपुरास आणले. लखीशहा वंजारी यांनी धड आपल्या घरी नेऊन घरासकट त्यास अग्नी दिला, म्हणजे कोणास संशय येऊ नये. गोविंदरायांनी जैताला हृदयाशी धरले आणि रंगरेटे हे गुरूंचे पुत्र आहेत, असे सर्वांसमक्ष सांगितले. पुढे त्यांनी दिल्लीत आपले शिष्य किती होते, याची चौकशी केली. शिष्य पुष्कळ होते, परंतु वेशावरून ते ओळखू येण्यासारखे नव्हते. म्हणून भयाच्या क्षणी त्यांना गर्दीत मिसळून जाता आले. शीखपरंपरा सांगते, की त्याच वेळी गुरूंनी मनाशी निश्चय केला : आपण आपल्या शिष्यांस असे रूप देऊ, की हजारांत एक उभा असला तरी तो लपू शकणार नाही.

खालसाच्या चिन्हांचे बीज आहे ते येथे. राजे आपल्या सैनिकांस गणवेश देतात तो त्यांची संख्या शत्रूच्या डोळ्यांत भरावी म्हणून. गुरूंनी दिलेले चिन्ह हे ज्याच्या अंगावर असेल, त्याची पळवाट बंद करणारे होते.

पांवट्याचा कवी आणि योद्धा

नऊ वर्षांच्या या गुरूने सूडाच्या मोहिमा काढल्या नाहीत. पुढची अनेक वर्षे अध्ययनात आणि तयारीत गेली. यमुनेच्या काठी पांवटा येथे त्यांनी काही काळ वास्तव्य केले. परंपरेनुसार त्यांच्या दरबारी बावन्न कवी होते. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा तेथे लोकभाषेत उतरविण्यात आल्या. काही शिष्यांना त्यांनी संस्कृत शिकण्यासाठी काशीस पाठविले आणि निर्मळे साधू आपली परंपरा त्यांच्यापासून मानतात.

दशम ग्रंथात चंडीने महिषासुराशी केलेल्या युद्धाची वर्णने आहेत. नवरात्रात सप्तशतीचे पाठ करणाऱ्या आमच्या वाचकांस ती जवळची वाटतील. तथापि एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. गुरूंची उपासना एका निराकार अकाल पुरुषाची होती. त्यांच्या काव्यात खड्ग हेच परमेश्वराचे एक नाव होऊन येते, कारण दुष्टांचे निर्दालन आणि दीनांचे रक्षण ही त्याचीच शक्ती. शीख बांधव प्रत्येक शुभकार्यी जी अरदास करतात, तिचा आरंभ चंडीच्या वारेतील मंगलाचरणानेच होतो.

१६८८ साली पहाडी राजांनी त्यांच्यावर चाल केली आणि भंगाणीची लढाई झाली. हे राजे हिंदू होते. आणि सढौऱ्याचे मुसलमान सत्पुरुष पीर बुद्धूशहा आपले पुत्र व अनुयायी घेऊन गुरूंच्या बाजूने लढले. त्या रणात पीरसाहेबांचे पुत्र कामी आले. गुरूंचे शस्त्र कोणत्या धर्मावर उगारलेले नव्हते, ते जुलमावर उगारलेले होते, हे पहिल्याच मोठ्या संग्रामात सिद्ध झाले.

वैशाखीचा दिवस

१६९९ सालच्या वैशाखीस आनंदपुरात हजारो लोक जमले होते. गुरू उपसलेली तलवार हाती घेऊन सभेपुढे आले आणि त्यांनी एका मस्तकाची मागणी केली. सभा स्तब्ध झाली. तिसऱ्या मागणीस लाहोरचे दयाराम खत्री उभे राहिले. गुरू त्यांना तंबूत घेऊन गेले आणि रक्ताने माखलेली तलवार घेऊन पुन्हा बाहेर आले. अशा रीतीने एकामागून एक पाच जण उठले : दयारामांच्या मागून हस्तिनापूरचे जाट धरमदास, जगन्नाथपुरीचे पाणी भरणारे हिंमतराय, द्वारकेचे शिंपी मोहकमचंद आणि बीदरचे न्हावी साहेबचंद. थोड्या वेळाने पाचही जण नवी वस्त्रे लेवून सुखरूप बाहेर आले, तेव्हा लोकांस परीक्षेचा अर्थ कळला. हेच पंचप्यारे.

वाचकांनी या पाच गावांकडे क्षणभर पाहावे. पुरी आणि द्वारका ही आपल्या चार धामांपैकी दोन धामे, हस्तिनापूर कौरवपांडवांचे, बीदर तर आमच्या मराठवाड्याच्या वेशीवरचे. पूर्वपश्चिम, उत्तरदक्षिण असा अवघा देश त्या तंबूत एकवटला होता. त्यांच्या जातींकडेही पाहावे. शिंपी म्हणताच आम्हांस नामदेव महाराज आठवतात, न्हावी म्हणताच सेना महाराज; आणि या दोन्ही संतांची वाणी शिखांच्या आदिग्रंथात आहे.

मग गुरूंनी लोखंडी कटोऱ्यात पाणी घेतले आणि दुधारी खंड्याने ते ढवळीत वाणीचा पाठ केला. परंपरा सांगते, की माता जितोजींनी त्यात बत्तासे टाकले. पोलादाच्या धारेत माधुर्य मिसळले आणि अमृत सिद्ध झाले. पाचही जण एकाच कटोऱ्यातून ते प्याले. जातीची नावे गळून पडली. पुरुषांस सिंह आणि स्त्रियांस कौर हे एकच उपपद मिळाले. इतके झाल्यावर गुरू स्वतः हात जोडून त्या पाचांपुढे उभे राहिले आणि मलाही दीक्षा द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. गोविंदराय त्या दिवशी गोविंदसिंह झाले. शिष्यांकडून दीक्षा मागणारा गुरू आपल्या इतिहासात विरळा. आपण निर्माण केलेल्या संघाच्या आज्ञेत राहण्याचे वचनच त्यांनी त्या घोटाबरोबर दिले, आणि पुढे ते पाळण्याची वेळही आली.

पाच ककार

खालसाची पाच चिन्हे ककाराने आरंभ होतात : केश, कंघा, कडा, कच्छ आणि कृपाण. त्यांतील प्रत्येकाचा अर्थ दुसऱ्याशी बांधलेला आहे.

केश न कापणे म्हणजे ईश्वराने दिलेले रूप जसेच्या तसे स्वीकारणे. आमच्या ऋषींनीही केस राखले. परंतु अरण्यात बसलेल्या तपस्व्याच्या जटा आणि संसारात राहणाऱ्या शिखाचे केस यांत अंतर पडावे म्हणून केशांबरोबर कंघा आला. केस रोज विंचरावे, स्वच्छ ठेवावे आणि पगडीत नीट बांधावे. वैराग्य मनात असावे. अंगावर अस्वच्छता नसावी.

कडे लोखंडाचे असते, सोन्यारुप्याचे नव्हे. श्रीमंतास आणि गरिबास एकच धातू. वर्तुळास आदी नाही, अंत नाही. तसा अकाल पुरुष. आणि उजव्या हातात ते असते याचे मर्म भाविक असे सांगतात, की जो हात शस्त्र उचलतो, त्यालाच ही बेडी आहे. अन्यायासाठी तो उठू लागला तर कड्याची आठवण व्हावी. कच्छ म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चोळणा. तो घोड्यावर बसणाऱ्याची सिद्धता दाखवितो आणि परस्त्री मातेसमान मानण्याचे व्रतही. विजयी सैन्याने शत्रूच्या स्त्रियांची विटंबना करावी, ही त्या काळची सर्वत्र दिसणारी रीत होती. खालसास ती निषिद्ध ठरली.

पाचवे चिन्ह कृपाण. शब्द संस्कृत आहे. मात्र कृपा आणि आन, म्हणजे दया आणि प्रतिष्ठा, अशी त्याची फोड शीख प्रवचनकार आवडीने करतात. भारताच्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. या कृपाणाची मर्यादा काय, हे भाई कन्हैया यांच्या कथेत उत्तम प्रकट होते. आनंदपूरच्या लढाईत हे गृहस्थ पखाल घेऊन रणांगणात फिरत आणि जखमी शत्रूंसही पाणी पाजीत. तक्रार गुरूंपर्यंत गेली. कन्हैयांनी नम्रपणे सांगितले, की मला त्या चेहऱ्यांत आपला आणि परका दिसत नाही, गुरूच दिसतात. गुरूंनी रागे भरण्याऐवजी त्यांच्या हाती मलमाची डबी दिली आणि यापुढे पाण्याबरोबर जखमांना मलमही लावीत जा, असे सांगितले. ज्या सेनापतीने हे सांगितले, त्याच्या तलवारीस कृपाण हे नाव शोभून दिसते.

निशाणाचे रंग

गुरुद्वारावरील निशाणसाहेबावर आज जे चिन्ह दिसते, त्याच्या मध्यभागी उभा दुधारी खंडा असतो. त्याच्याभोवती चक्र आणि दोन्ही अंगांस दोन वाकड्या तलवारी असतात. या आकृतीची आजची घडण विसाव्या शतकात रूढ झाली, तरी तिचे घटक जुने आहेत. खंडा अमृत ढवळणारा, सत्यासत्य निवडणारा, चक्र अनंताचे, आणि दोन तलवारी गुरू हरगोविंदांच्या मीरीपीरीच्या.

निशाणाचे वस्त्र बसंती किंवा सुरमई, म्हणजे करडी निळाई असलेले, असावे, असे शीख रहित मर्यादा सांगते. मध्यंतरी गडद केशरी रंग सर्वत्र रूढ झाला होता. २०२४ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मर्यादेतील मूळ दोन रंगांचे स्मरण गुरुद्वारांस करून दिले. बसंती हा फुललेल्या मोहरीच्या शेताचा रंग, त्यागाचा आणि आनंदाचा. आमच्या वारकऱ्यांची भगवी पताका जसे घरदार मागे ठेवून निघण्याचे स्मरण देते, तसेच हे वस्त्र मस्तक तळहातावर घेऊन निघण्याचे स्मरण देते. निळा रंग अथांगतेचा आणि निर्भयतेचा. निहंगांच्या अंगावर तो आपादमस्तक असतो. त्यांच्या उंच दुमाल्यावर पोलादी चक्रे झळकतात. हा रंग निहंगांकडे कसा आला, याची एक कथा परंपरेत आहे. तिच्यात गुरूंच्या आयुष्यातील सर्वांत कठीण रात्र सामावली आहे.

चिन्हांची कसोटी

१७०५ च्या सुमारास मोगल आणि पहाडी राजे यांच्या संयुक्त फौजांनी आनंदपुरास दीर्घकाळ वेढा घातला. अन्न संपले. उपासमारीने गांजलेले चाळीस शिष्य, तुम्ही आमचे गुरू नाही आणि आम्ही तुमचे शिष्य नाही, असा कागद लिहून देऊन निघून गेले. कोणी कुराणाची, कोणी गाईची शपथ घेऊन गुरूंना सुरक्षित वाटेचे वचन दिले. गड सोडताच त्या शपथा मोडल्या गेल्या. डिसेंबरची थंडी, सरसा नदीला आलेला पूर आणि पाठीवर शत्रू. त्या काळोखात कुटुंबाची ताटातूट झाली. ग्रंथांची अनमोल हस्तलिखिते पाण्यात गेली.

चमकौरच्या कच्च्या गढीत गुरू सुमारे चाळीस शिष्यांसह अडकले. विशीही न गाठलेले थोरले पुत्र अजितसिंह आणि त्यांच्याहून लहान जुझारसिंह पित्याची आज्ञा घेऊन बाहेर पडले आणि लढता लढता पडले. पंचप्याऱ्यांपैकी हिंमतसिंह, मोहकमसिंह आणि बीदरचे साहेबसिंह तेथेच धारातीर्थी पडले. गुरू स्वतः निघाले, तेव्हा उरलेल्या शिष्यांतील पाच जणांनी पंथाच्या नावाने त्यांना आज्ञा केली, की आपण येथून निघून जावे. सहा वर्षांपूर्वी कटोऱ्यापुढे दिलेले वचन समोर उभे राहिले आणि गुरूंनी ती आज्ञा मानली. त्यांची कलगी भाई संगतसिंहांनी आपल्या मस्तकी चढविली आणि शत्रूस गुरू तेथेच आहेत असे भासावे म्हणून ते मृत्यूस सामोरे गेले.

अनवाणी, एकाकी गुरू माछीवाड्याच्या रानात पोचले. तेथे नबीखान आणि गनीखान या दोन पठाण बंधूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना निळी वस्त्रे चढविली आणि उच येथील पीर म्हणून पालखीप्रमाणे खांद्यावरून मोगलांच्या वेढ्याबाहेर नेले. ज्याने शिष्यांस लपविता न येणारे रूप दिले, त्यालाच काही दिवस परका वेश घ्यावा लागला. या विसंगतीकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. केश आणि व्रत यांस धक्का न लावता, आपल्या जिवाच्या लोभाने नव्हे तर संघाच्या आज्ञेने त्यांनी तो वेश स्वीकारला. आणि सुरक्षित स्थळी पोचताच तो फाडून अग्नीत टाकला. त्या वस्त्राचा एक तुकडा भाई मानसिंहांनी पगडीत खोवला आणि तोच निहंगांच्या निळ्या बाण्याचा आरंभ, असे परंपरा मानते. संकटात सोबत करणाऱ्या दोन मुसलमान बंधूंची आठवण अशा रीतीने त्या रंगात मिसळून राहिली आहे.

इकडे सरहिंद येथे धाकटे पुत्र जोरावरसिंह आणि फतेहसिंह यांना सुभेदार वजीरखानाने धर्म सोडण्यास सांगितले. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. दोघांनी नकार दिला आणि त्यांना भिंतीत चिणून ठार करण्यात आले. आजी माता गुजरी यांनीही तेथेच प्राण सोडले. त्या दरबारात बालहत्येचा निषेध करणारा एक आवाज उठला, तो मालेरकोटल्याचे नवाब शेर महंमदखान यांचा. शिखांनी तो आजतागायत विसरलेला नाही. २०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस या बालकांच्या स्मरणार्थ वीर बाल दिवस म्हणून देशभर पाळला जातो.

पिता, माता आणि चारही पुत्र गेले. तरीही गुरूंच्या मनात कडवटपणा उरला नाही, याचे प्रत्यंतर खिदराण्याच्या तळ्याकाठी आले. नकाराचा कागद लिहून देणारे ते चाळीस जण माई भागो या वीर स्त्रीच्या धिक्काराने परत फिरले आणि गुरूंच्या रक्षणार्थ मोगलांशी लढता लढता पडले. मरणोन्मुख महासिंहांनी एकच मागणे मागितले, तो कागद फाडून टाकावा. गुरूंनी तो जपून ठेवला होता. त्यांचे मस्तक मांडीवर घेऊन त्यांनी तो फाडला आणि त्या चाळिसांस मुक्त म्हणून गौरविले. ते स्थान आज मुक्तसर म्हणून ओळखले जाते.

गोदातीरी

मोडलेल्या शपथांचा जाब विचारणारे जफरनामा हे फारसी काव्यपत्र गुरूंनी औरंगजेबास पाठविले. अन्य सर्व उपाय थकल्यावरच शस्त्रास हात घालावा, हा विचार त्यात आहे. पंचप्याऱ्यांपैकी दयासिंह आणि धरमसिंह ते पत्र घेऊन अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आले. बादशहाने गुरूंना भेटीस बोलाविले. परंतु गुरू वाटेत असतानाच १७०७ च्या आरंभी अहमदनगरास त्याचा अंत झाला. पुढे त्याचा पुत्र बहादूरशहा याच्या छावणीबरोबर गुरू दक्षिणेत आले आणि १७०८ साली नांदेडास गोदावरीच्या काठी थांबले.

तेथे माधोदास नावाचे एक बैरागी मठ करून राहत होते. गुरूंच्या दर्शनाने त्यांची वृत्ती पालटली. त्यांना अमृत देऊन, पाच बाण, निशाण आणि नगारा हाती सोपवून गुरूंनी पंजाबास पाठविले. हेच बंदासिंह बहादूर. दोन वर्षांत, १७१० साली, त्यांनी सरहिंद जिंकले.

परंपरेनुसार वजीरखानाने धाडलेल्या पठाणाने नांदेडच्या छावणीत गुरूंवर कट्यारीचा वार केला. जखम शिवली गेली. परंतु एक कणखर धनुष्य ओढताना ती पुन्हा उलली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गुरूंनी देह ठेवला. तत्पूर्वी त्यांनी नारळ आणि पैसे ठेवून ग्रंथसाहेबापुढे मस्तक लवविले आणि यापुढे देहधारी गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असे सांगितले. कलगी, बाज आणि धनुष्य धारण करणाऱ्या या योद्ध्याने आपली गादी अखेर शस्त्रास दिली नाही, शब्दास दिली.

त्या ग्रंथात आमच्या नामदेव महाराजांची एकसष्ट पदे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाणारे नरसी हे गाव नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथील एका शिंप्याच्या मुलाने पंजाबात नेलेली भक्ती सुमारे साडेतीन शतकांनी गुरुपदावर आरूढ होऊन पुन्हा त्याच भूमीत आली. आमच्या मते महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासातील हा परमभाग्याचा प्रसंग होय.

गुरूंच्या दहनस्थानी महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात आजचे मंदिर बांधविले. शिखांच्या पाच तख्तांपैकी ते एक आहे. आत गुरूंच्या तलवारी, कट्यार, ढाल, धनुष्ये आणि बाण जतन केलेले आहेत. दिवाळीच्या सुमारास तेथे तख्तस्नानाचा सोहळा होतो. भाविक गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून आणतात, तख्त धुतले जाते आणि ती शस्त्रे घासूनपुसून पुन्हा जागी ठेवली जातात.

आमच्या घरोघरी खंडेनवमीस होते तेच हे. उद्या पाटावरच्या कोयत्याला, कात्रीला किंवा आजोबांच्या जुन्या तलवारीला कुंकू लावताना आपल्या मुलांना चमकौरची गढी सांगावी, भाई कन्हैयांची पखाल सांगावी आणि ज्या हाताने शस्त्र उचलावयाचे त्याच हातात कडे का असते, हेही सांगावे. मग आपट्याचे पान देताना ते शेजारच्या घरीही द्यावे, मग तेथे कोणत्याही देवाची पूजा होत असो. श्रीगुरूंच्या चरणी आमचे सविनय वंदन.